उंटांसाठी हौद

“हौद कुठे गेला?” बाबांनी विचारलं.

मी पंपाच्या लोखंडी अंगावरचा गंज पॉलिशपेपरनं घासत होते. हात, केस, डोळ्यांच्या पापण्या, सगळं तांबूस झालं होतं. मला वाटलं, ते पाण्याच्या टाकीबद्दल विचारताहेत.

“टाकी मागे आहे ना बाबा, न्हाणीघराजवळ.”

“टाकी नाही गं. हौद. उंटांचा.”

मी हात थांबवला. बाबा पंपाच्या डाव्या अंगाला उभे होते आणि पायातल्या चपलेनं जमिनीवर एक लांबट चौकोन आखत होते. इथून इथपर्यंत, असं स्वतःशीच म्हणत.

“उंट?” मी म्हटलं. “इथे?”

“मग पाणी कुठे पिणार ते?” ते म्हणाले, आणि माझीच कीव आल्यासारखं बघून आत निघून गेले.

बाबा म्हणजे माझे सासरे, वामनराव पेडणेकर. सातारा आणि कराडच्या मध्ये, जुन्या हमरस्त्यावर निंबोरे फाट्याला आमचा पेट्रोल पंप होता. तो मूळ माझ्या सासूबाईंच्या वडिलांचा, आबासाहेब इनामदारांचा. बाबा त्यांचे घरजावई. त्यांचं मूळ गाव राजापूर, आईवडील लहानपणीच गेले, आबासाहेबांनी आसरा दिला, कामाला लावलं आणि पुढे मुलगीही दिली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. चौपदरी रस्ता झाला तो गावाला वळसा घालून गेला आणि दोन वर्षांत पंप बंद पडला. सासूबाई त्याच्या आधीच गेल्या होत्या. बंद पंपापुढे खुर्ची टाकून बाबा दिवसभर बसायचे आणि त्यांच्या डोक्यातलं एकेक सामान कुणीतरी रोज उचलून नेल्यासारखं हरवत चाललं होतं. कराडचे डॉक्टर म्हणाले होते, आजचं जाईल, जुनं राहील.

माझ्या नवऱ्याला, शिरीषला, ती जागा विकायची होती. एक ढाबेवाला मागे लागलेला. मी गावच्या हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायची. मागच्या पडवीत, पोत्यांखाली, मला आबासाहेबांच्या काळातला पहिला पंप सापडला होता. माणसापेक्षा उंच, हाताने दांडा मारून चालवायचा. वर काचेचं नळकांडं. त्यात पेट्रोल चढवायचं, काचेवरच्या खुणा बघायच्या आणि मग नळीनं गाडीत सोडायचं. पुण्याचा जुन्या मोटारींचा एक क्लब दर हिवाळ्यात कोल्हापूरपर्यंत फेरी काढतो, हे मी वाचलं होतं. त्यांना पत्र घातलं. क्लबचे रणदिवे म्हणून होते, त्यांचा फोन आला. पंप आणि त्याची शेड अस्सल जुन्या रूपात उभी असेल तर आमच्या गाड्या तिथे थांबतील, दिवाळीनंतर बघायला येतो, म्हणाले.

“गाड्या दरवर्षी थांबणार असतील तर ठेवू जागा,” शिरीष म्हणाला. “नाहीतर विकायची. मग तू अडवायचं नाहीस.”

मी कबूल केलं. अस्सल रूप शोधून काढणं हे तर माझंच काम होतं. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारत सुटले. शेडला पत्रा होता की कौलं? खांब लाकडाचे की लोखंडाचे? रंग कुठला? एक जुना फोटोही मिळाला, आबासाहेब पगडी घालून पंपाशेजारी उभे, मागे कौलारू शेड. फोटो काळापांढरा होता, पण निदान कौलं तरी नक्की झाली.

“कौलं नव्हती,” बाबा म्हणाले.

मी फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. “हे आबासाहेब,” म्हणाले. “पण पत्राच होता. वारा सुटला की असा वाजायचा, की बोललेलं ऐकू यायचं नाही. आणि दार निळं होतं.”

निळं दार कुणालाच आठवत नव्हतं. समोर गजराबाईंचं चहाचं हॉटेल होतं. त्यांचा जन्मच फाट्यावरचा, पंपाला त्यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांना विचारलं.

“दार हिरवं व्हतं. आन् माजं लगीन झाल्यावर तांबडं केलं.”

“आणि उंट?”

“उंट?” त्या गाळणं हातात धरून हसायलाच लागल्या. “बया! उंट कशाला यील हितं मरायला? आं… थांबा. सर्कस आल्ती की. मी ल्हान व्हते. कराडला चालली व्हती. त्यात व्हता एक. का दोन.”

मला केवढा आनंद झाला! उंट सापडले होते. सर्कशीचा तांडा या रस्त्यानं जायचा, जनावरं पंपावर पाणी प्यायची, आबासाहेबांनी त्यांच्यासाठी हौद बांधला असेल. मी ते सगळं छान लिहून काढलं आणि संध्याकाळी बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

“सर्कस कुठली?” ते म्हणाले. “गाड्या ओढायचे ते. उंटगाड्या. बंदरावरून माल घेऊन यायचे.”

“बंदरावरून?”

“समुद्र जवळच ना.”

मी वही मिटली. फाट्यापासून समुद्र म्हणजे सह्याद्री ओलांडून पलीकडे. मग वाटलं, हे राजापूरचं काहीतरी आठवत असणार, तिथे जुनं बंदर आहे. पण राजापूरला उंटगाड्या? शाळेत आमचे एक शिक्षक रत्नागिरीकडचे होते, त्यांना विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय बदलला.

“तू त्यांचं कशाला ऐकतेस?” शिरीष वैतागून म्हणाला. “सकाळी जेवले की नाही ते आठवत नाही त्यांना. फोटो आहे ना तुझ्याकडे? फोटोप्रमाणे कर.”

त्याचं बरोबर होतं. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, जुनं राहील म्हणून. मग हे जुनं कुठलं? ते बोलताना चाचपडत नसत. हौदाची लांबी ते पावलांनी मोजून दाखवत आणि दर वेळी ती तेवढीच भरत असे. एकदा खत घेऊन निघालेला एक ट्रक रस्ता विचारायला थांबला. बाबा खुर्चीतून उठून त्याच्याजवळ गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, “बोलो सांईं, कितना डालूं?” ड्रायव्हर हसला. मला हसू आलं नाही. बाबांना मी कधी कुणाला सांईं म्हणताना ऐकलं नव्हतं.

काम मात्र पुढे सरकत होतं. पंपाचं पितळ चिंचेनं घासून लखलखीत केलं. फुटलेल्या काचेच्या जागी कराडच्या एका काचवाल्यानं नवं नळकांडं बसवून दिलं. शेडवर कौलं चढली, दार हिरवं झालं. पुढच्या अंगणात शहाबादी फरशी नीट बसवून घेतली. रणदिवे रविवारी येणार असा निरोप आला.

शुक्रवारी शाळेतून परत आले तर अंगणात माती उडत होती. नव्या फरशा उपटून एका बाजूला टाकल्या होत्या. काही फुटल्या होत्या. बाबा गुडघाभर खड्ड्यात उभे, अंगात फक्त बनियन, हातात पहार. गजराबाई समोरून “अवो दादा, बास करा, पडाल!” म्हणून ओरडत होत्या. माझ्या मागोमागच शिरीषची मोटारसायकल आली.

“बाबा! काय करताय हे?”

“हौद.”

“कसला हौद?” शिरीषनं पहार हिसकावून घेतली. “इथे उंट नव्हते बाबा! कधीच नव्हते! समुद्र नव्हता, पत्रा नव्हता, निळं दार नव्हतं! परवा माणसं यायचीत आणि तुम्ही सगळ्याचं वाटोळं केलंत!”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचे दोन्ही तळवे सोलले होते. मग ते हळूच त्या खड्ड्याच्या काठावर बसले आणि म्हणाले, “हौद नसला तर ते ओळखणार कसे?”

“कोण?” मी विचारलं.

“नुसतेच पुढे निघून जातील.”

“कोण, बाबा?”

शिरीषनं पहार टाकली आणि तो घरात गेला. मी बाबांचे हात धुतले, हळद लावली. रात्री शिरीष कूस बदलत म्हणाला, “सोमवारी ढाबेवाल्याला हो म्हणून सांगतो. हे आपल्याच्यानं होणार नाही.” ते “ओळखणार कसे” माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एस.टी.नं सांगलीला गेले. तिथे शालनमावशी राहायच्या, सासूबाईंच्या थोरल्या बहीण. आबासाहेबांच्या घरचं माणूस म्हणून तेवढ्याच उरल्या होत्या. त्यांना पंपाच्या रंगाबद्दल विचारायला मी महिनाभर आधीच जायला हवं होतं, पण त्यांना चालवत नव्हतं, बोलायचा कंटाळा होता, म्हणून राहून गेलं होतं.

मी सगळं सांगितलं. हौद, उंट, पत्रा, समुद्र. त्या पलंगावर भिंतीला टेकून ऐकत होत्या. निळ्या दाराचं ऐकल्यावर त्यांनी डोळे मिटले.

“पहिल्या दिवशी तेच विचारलं होतं त्यानं आबांना,” त्या म्हणाल्या. “दार निळं रंगवू का म्हणून.”

“कुणी? बाबांनी?”

“वैजू, तो राजापूरचा नाही गं. मूळ असतील तिकडचे. पण तो कराचीचा.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. “कुठला?”

“कराचीचा. तिथे पुष्कळ मराठी माणसं होती तेव्हा. याच्या वडिलांचा पंप होता तिथे, बंदराच्या रस्त्यावर. आई आधीच गेलेली. फाळणी झाली तेव्हा वडिलांनी याला शेजाऱ्यांबरोबर बोटीत बसवलं. पंपाचं काय ते मिटवतो आणि पुढच्या बोटीनं येतो म्हणाले.”

“आणि?”

“आणि काय? आले नाहीत.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “ते शेजारी कोल्हापूरकडचे. मुंबईहून ट्रकमधून गावाकडे निघाले होते. ट्रक आपल्या पंपावर थांबला. मी तिथेच होते, परकराची पोर. हा खाली उतरला, पेट्रोलचा वास घेत पंपाभोवती फिरला आणि परत ट्रकमध्ये चढेचना. खांबाला मिठी मारून बसला. म्हणाला, बाबा येतील ते पंपावरच येतील, दुसरीकडे कुठे शोधतील? आबांनी शेवटी ठेवून घेतला. तारा केल्या, माणसं पाठवून मुंबईच्या छावण्यांत चौकशी केली. काही कळलं नाही. मेले म्हणून नाही, जिवंत म्हणून नाही.”

“मग हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही?”

मी त्यांना पाणी दिलं.

“कमलच्या, तुझ्या सासूच्या, लग्नाची पत्रिका छापायची होती,” त्या म्हणाल्या. “मुलाच्या बापाचं नाव लिहायचं. श्री. लिहिलं तर लोक विचारणार, व्याही कुठायत? लग्नाला का नाहीत? पाकिस्तानात आहेत म्हणून सांगायचं? आमचे काका अडून बसले. कै. लिहा आणि मोकळे व्हा म्हणाले. आबांनी वामनला बोलावलं. तुझी हरकत नसेल तर, म्हणाले. तो म्हणाला, लिहा. एवढंच. मग बाहेर जाऊन दिवसभर गाड्यांत पेट्रोल भरत राहिला. त्या दिवसापासून त्याच्या तोंडून कराची हा शब्द कुणी ऐकला नाही. आम्ही पण राजापूर राजापूर म्हणायला लागलो. पुढे तेच खरं झालं.”

परतीच्या एस.टी.त मला काहीच नीट सुचत नव्हतं. मी जो पंप उभा करत होते तो आबासाहेबांचा होता, हे खरंच. पण बाबा दुसराच उभा करत होते. आणि दोघांनाही जागा एकच होती.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. शिरीष खड्ड्यात माती लोटून फरशा पुन्हा बसवता येतात का ते बघत होता. मी त्याला तिथेच सगळं सांगितलं. तो उकिडवा बसून ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, “आईला माहीत होतं?” मी म्हटलं, असणारच. मग तो उठला आणि बाबांच्या खुर्चीजवळ जाऊन खाली बसला. मीच विचारलं.

“बाबा, कराचीचा पंप कसा होता?”

मला वाटलं होतं, ते दचकतील. पण मी हे रोजच विचारत असल्यासारखं त्यांनी उत्तर दिलं.

“लहान होता. याच्याहून लहान. पत्र्याची शेड, निळं दार. बाबांना निळा रंग आवडायचा. हौद त्यांनी स्वतः बांधला. लोक हसायचे, म्हणायचे, पेडणेकर, उंट काय पेट्रोल घेणार आहे का? बाबा म्हणायचे, उंट थांबला की गाडीवान थांबतो, गाडीवान थांबला की चार गोष्टी कळतात.” ते हसले. “मी हौद भरायचो. उंट पाणी पिताना अंगावर उडवतात.”

“आणि बोटीच्या दिवशी?” शिरीषनं विचारलं.

“त्या दिवशी एक गिऱ्हाईक आलं. आमची ट्रंक टांग्यात चढवलेली. बाबा म्हणाले, थांब, याला एवढं देतो. त्यांनी दांडा मारायला घेतला, तेवढ्यात टांगेवाल्यानं घोडा हाकला. त्यांनी मान वर केली. हात पंपावर होते ना, म्हणून हलवता आले नाहीत.” बाबांनी आपले हळद लावलेले तळवे पाहिले. “ओरडले काहीतरी. पत्रा वाजत होता.”

शिरीषनं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. बाबांनी त्याच्या केसांतली माती झटकली आणि मला म्हणाले, “याला चहा दे. दमलाय.”

रविवारी रणदिवे आले तेव्हा शिरीष खड्ड्यात उतरून विटा रचत होता. गवंडी मिळाला नव्हता. रणदिवे उंच, पांढऱ्या मिशांचे, फार सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पंपाभोवती दोन फेऱ्या मारल्या, दांडा मारून पाहिला, काचेत पाणी चढलं तेव्हा खूष झाले.

“हे काय चाललंय?” त्यांनी खड्ड्याकडे बोट केलं.

“उंटांसाठी हौद,” शिरीष म्हणाला.

रणदिव्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे सर्कशीची गोष्ट लिहून तयार होती. ती सांगितली असती तर त्यांना पटली असती. पण शिरीषच बाहेर आला आणि सिमेंटच्या हातांनी, उभ्याउभ्याच, त्यांना सगळं सांगायला लागला. मी त्याला एवढं सलग बोलताना क्वचितच ऐकलं होतं.

रणदिवे ऐकून घेऊन म्हणाले, “पण मग हा हौद इथला नाही. अस्सल म्हणून आम्हाला ही जागा दाखवता येणार नाही.”

“नाही येणार,” मी म्हटलं.

ते जाताना बाबांच्या पाया पडले. क्लबच्या छापील नकाशात निंबोरे फाटा कधी आला नाही. काही गाड्या मात्र दरवर्षी गजराबाईंकडे चहाला थांबत आणि मग इकडे येत. ढाबेवाला पुन्हा आला तेव्हा शिरीषनं त्याला चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. शेडवर कौलंच राहिली. दार बाबांनी निळं रंगवून घेतलं. त्यामुळे तो पंप ना पुरता आबासाहेबांचा झाला ना पुरता कराचीचा, आणि माहिती म्हणून पाटीवर काय लिहावं हे मला, इतिहास शिकवणारीला, काही केल्या कळेना. शेवटी मी ठरवलं, नुसती नावं लिहायची. ज्यांनी ज्यांनी पंप चालवला त्यांची.

हणमंत रंगारी पाटी घेऊन बसला. कै. आबासाहेब इनामदार लिहून झालं. पुढचं नाव कसं लिहू म्हणून तो थांबला. मी बाबांजवळ गेले. त्यांना त्या दिवशी मी कोण तेही नीट आठवत नव्हतं. सकाळपासून मला कमल म्हणत होते.

“बाबा, तुमच्या वडिलांचं नाव लिहायचंय. गोविंद रघुनाथ पेडणेकर. आधी काय लिहू? श्री. की कै.?”

ते कितीतरी वेळ पाटीकडे पाहत बसले. हणमंतच्या कुंचल्यावरचा रंग सुकायला आला. शिरीष जवळ येऊन उभा राहिला.

“काही नको,” बाबा म्हणाले. “हाक मारताना लावतं का कुणी श्री आणि कै?”

“मग?”

“नुसतं नाव लिही. मोठं लिही. रस्त्यावरून दिसेल असं.”

हणमंतनं कुंचला पुन्हा रंगात बुडवला.